बोलायचे अवकाशाशी, परवानगी मागायची सोसायटीकडे

जुलै २०२५ मध्ये देशातील विज्ञानवार्तांत एक प्रसंग मोठ्या कौतुकाने रंगवला गेला. अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेवर गेलेले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून बोलले. बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात हा संवाद झाला, शिलाँगच्या ईशान्य अवकाश उपयोजन केंद्रातही झाला. मुलांनी प्रश्न विचारले, सभागृहांनी टाळ्या वाजवल्या, वृत्तवाहिन्यांनी अभिमान व्यक्त केला. त्या सभागृहातील एखाद्या मुलीने घरी परतून आपल्या चौथ्या मजल्यावरील सज्जात अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दोन तांब्याच्या तारा बसवल्या आणि स्थानक डोक्यावरून जाताना त्याचा आवाज स्वतः टिपण्याचा प्रयत्न केला, तर पुढे काय होईल, हे मात्र कोणत्याही वाहिनीने विचारले नाही. होते ते असे : आठवडाभरात कार्यकारिणीची चिठ्ठी येते, इमारतीच्या दर्शनी भागात 'अनधिकृत उपकरण' बसवल्याचा त्यात उल्लेख असतो, आणि 'रेडिएशन' हा शब्द किमान एकदा तरी येतोच.

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नोएडा-गुरुग्रामच्या मनोऱ्यांत हे घडते, तसे ठाण्या-पुण्यातही घडते. पण या ढोंगाचा नकाशा काढायचा असेल तर सुरुवात दिल्लीच्या कोपर्निकस मार्गापासून करणे सोयीचे. मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा छोटासा रस्ता. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर असल्याने दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसाला तो परका नाही. दूरदर्शन भवनही इथेच. ज्याचे नाव या रस्त्याला दिले आहे त्या निकोलस कोपर्निकसकडे दुर्बीण नव्हती. ती त्याच्या मृत्यूनंतर सहा दशकांहून अधिक काळाने अवतरली. त्याच्यापाशी होती ती लाकडी पट्ट्या जोडून केलेली त्रिकोणी साधने. त्यांतले एक १५८४ मध्ये टायको ब्राहेच्या हाती आले, तेव्हा त्या साध्या लाकडाकडे पाहून तो वैभवशाली वेधशाळेचा धनी भारावून गेला होता. घरच्या घरी केलेल्या उपकरणाने आकाश मोजणाऱ्याचे नाव रस्त्याला द्यायचे आणि घरच्या घरी उपकरण करणाऱ्याला नोटीस द्यायची, असा हा व्यवहार आहे.

त्याच रस्त्यावरच्या दूरदर्शनचा इतिहास तरी आठवावा. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट कार्यक्रम उतरवले गेले. ते झेलण्यासाठी गावोगावी ज्या तीन मीटर व्यासाच्या थाळ्या उभारल्या, त्यांचा पृष्ठभाग होता कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा. जाळीची भोके तरंगलांबीच्या मानाने लहान असली की तरंगाला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते. एवढे भौतिकशास्त्र कळले की महागड्या पत्र्याची गरज उरत नाही. पुढे खोडदच्या जीएमआरटीसाठी गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या बारीक तारांच्या ताणलेल्या जाळीने मढवल्या, त्यामागेही हेच तत्त्व होते.

त्याआधीची एक गोष्ट दिल्लीशी अधिक निगडित आहे. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ लहान थाळ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आल्या आणि वापराविना राहिल्या. स्वरूप यांनी त्या महाराष्ट्रात नेल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांतून भारताची पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. अँटेना हाताशी असून भागत नाही, त्याला आकाशाखाली जागा लागते. मराठीत अँटेनासाठी 'आकाशक' असा एक सुरेख प्रतिशब्द आहे. तो रूढ झाला असता तर निदान चिठ्ठी लिहिताना कार्यकारिणीला क्षणभर थांबावे लागले असते!

आणि १९८०च्या दशकातील गच्च्या? १९८२च्या आशियाई खेळांनंतर घराघरांत दूरचित्रवाणी शिरली आणि शहरांतील प्रत्येक गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचे जंगल उगवले. त्या सांगाड्याचे खरे नाव यागी-उदा अँटेना. १९२६ साली दोन जपानी संशोधकांनी तो जगापुढे मांडला. गच्चीवर एकाने खांब फिरवायचा, जिन्यात दुसऱ्याने निरोप पोचवायचा आणि खालून आरोळी यायची : "आवाज आलाय, चित्र नाही! अजून थोडं वळव!" देशाच्या इतिहासात दिशादर्शक अँटेनांचा एवढा व्यापक लोकप्रयोग दुसरा झाला नसेल. त्या वेळी कोणी इमारतीच्या सौंदर्याविषयी ओरड केली नाही, कारण त्या तारेच्या टोकाला रविवारचे 'रामायण' होते.

आज सज्जासज्जांत डीटीएचच्या थाळ्या लटकतात, त्यांना क्वचितच हरकत होते. गच्चीवर मोबाइल कंपनीचा मनोरा उभा राहिला तर त्याचे भाडे सोसायटीच्या ताळेबंदात आनंदाने जमा होते. हरकत होते ती विद्यार्थ्याच्या तारेला. म्हणजे आक्षेप अँटेनाला नाहीच. करमणूक विकणारा किंवा भाडे देणारा अँटेना चालतो. शिकू पाहणाऱ्याचा चालत नाही.

ज्या वस्तूवरून हा वाद आहे तिचे आकारमान पाहावे. अवकाश स्थानकावरील हौशी केंद्राचा आवाज सामान्यतः १४५.८०० मेगाहर्ट्झवर खाली येतो. या वारंवारतेची तरंगलांबी २.०६ मीटर. अर्धतरंग द्विध्रुव, म्हणजे साधा डायपोल, करायचा तर तारेच्या टोकांपाशी होणाऱ्या परिणामामुळे अर्ध्या तरंगलांबीपेक्षा थोडी कमी लांबी पुरते. प्रत्येक बाजूला ४९ सेंटिमीटर. विजेच्या दुकानात मिळणारी जाड तांब्याची तार, एक प्लॅस्टिकची जोडपट्टी, पीव्हीसी नळीचा तुकडा आणि काही मीटर कोअ‍ॅक्सियल केबल, इतक्या ऐवजात तो तयार होतो. दोन्ही बाजू एका रेषेत न ठेवता इंग्रजी 'व्ही'सारख्या आडव्या उघडल्या की वरून जाणाऱ्या उपग्रहांकडे त्याचे लक्ष अधिक राहते. थोडी अधिक पकड हवी असेल तर सुताराच्या स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे कापून, पीव्हीसीच्या दांड्यावर बसवून तीन घटकांचा यागी करता येतो. तो वापरताना हातात धरायचा आणि काम झाले की दाराआड ठेवायचा. संगणकाला जोडायचा सॉफ्टवेअर रेडिओ पेनड्राइव्हएवढा असतो. स्थानक डोक्यावरून जाण्याचा सर्वांत लांब फेरा दहा मिनिटांच्या आसपास संपतो. कपडे वाळत घालण्याच्या दोरीने इमारतीच्या देखाव्याचे याहून अधिक नुकसान होते.

लघुलहरींचे प्रकरण अवघड आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ७ मेगाहर्ट्झवर अर्धतरंग तार सुमारे वीस मीटरची होते. दोन खोल्यांच्या घरात ती मावत नाही. इथे कल्पकतेची कसोटी लागते. वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळीपासून एक मीटर व्यासाचे वर्तुळ वाकवायचे आणि त्याच्या तोंडाशी बदलता धारित्र बसवायचा, की लहान चुंबकीय लूप तयार होतो. १४ मेगाहर्ट्झवर त्याचा प्रारण-रोध एका ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो आणि नळीचा स्वतःचा रोध त्याच्याशी स्पर्धा करतो. जोडणी उत्तम असेल तर निम्म्याहून थोडी अधिक शक्ती आकाशात जाते, उरलेली नळीच्या उष्णतेत. तोच लूप ७ मेगाहर्ट्झवर नेला की प्रारण-रोध सोळा पटींनी घसरतो, कारण तो वारंवारतेच्या चौथ्या घातावर अवलंबून आहे, आणि कार्यक्षमता जेमतेम दहा टक्क्यांवर येते. म्हणूनच इथे एक वाईट सांधा सारा खेळ बिघडवतो आणि विद्यार्थ्याला डाख देण्याची कला पहिल्यांदा मनापासून शिकावीशी वाटते. याच लूपमध्ये केवळ १० वॅट सोडले तरी धारित्रावर दोन हजार व्होल्टहून अधिक दाब उभा राहतो. तिथे बोट लावणे मूर्खपणाचे आहे, आणि लहान मुलांच्या हाताशी तो ठेवणे त्याहून मोठ्या मूर्खपणाचे. पदवीच्या पाठ्यपुस्तकातील अनुस्पंदनाचे प्रकरण इतक्या जिवंतपणे दुसरीकडे कुठे भेटत नाही.

आता 'रेडिएशन'. या शब्दाचा धाक दाखवणाऱ्यांनी एकदा पेन्सिल हातात घ्यावी. मोबाइल मनोऱ्यांसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकी कडक मर्यादा स्वीकारली. तीच कसोटी १४५ मेगाहर्ट्झला लावली तर मर्यादा येते प्रति चौरस मीटर ०.२ वॅट. डायपोलला १० वॅट दिले तर ज्या दिशेला तो सर्वाधिक प्रक्षेपण करतो त्या दिशेला, पाच मीटरवर शक्तिघनता भरते सुमारे ०.०५, तीन मीटरवर, म्हणजे जवळपास वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यापाशी, ०.१५. मध्ये स्लॅब नाही आणि बोलणारा अखंड बोलतो आहे, असे धरून हा हिशेब आहे. प्रत्यक्षात हॅम बोलण्याहून ऐकतो अधिक. हाच हिशेब दुसरी गोष्टही सांगतो. सज्जातून ५० वॅट सोडले तर तीन मीटरवर ही कडक मर्यादा ओलांडली जाईल. तेव्हा सज्जात अल्पशक्ती आणि मोठ्या शक्तीसाठी गच्ची, हा नियम विज्ञान स्वतःच सांगते. केवळ ऐकण्यासाठी लावलेल्या अँटेनातून तर काहीच बाहेर पडत नाही. पण त्यालाही 'रेडिएशन'ची चिठ्ठी येते. या अज्ञानाला सुशिक्षितांच्या वसाहतींत मिळणारी प्रतिष्ठा हा खरा चिंतेचा विषय आहे.

प्रदूषण आहे, पण ते उलट्या दिशेने वाहते. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची नियंत्रक यंत्रणा, सौर पटलांचे इन्व्हर्टर यांच्या गोंगाटाने शहरी इमारतींतील लघुलहरी भरून गेल्या आहेत. दूरच्या देशाचा क्षीण संकेत त्या खरखरीत बुडतो. सदनिकेतला हॅम इतरांना त्रास देतो त्याहून कितीतरी अधिक त्रास मुकाट्याने सोसतो.

काही आक्षेप मात्र खरे आहेत. मे-जूनच्या आँधीत दिल्लीतील गच्चीवरचा कच्चा खांब खाली कोणाच्या डोक्यावर पडू शकतो. पावसाळ्यात उंच तार भूसंपर्काविना ठेवणे धोक्याचे आहे. विमानतळाजवळ उंचीचे निर्बंध आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. वीजवाहिनीच्या जवळपास तार फेकणाऱ्याला परवाना असो वा नसो, अडवलेच पाहिजे. पण या प्रत्येक आक्षेपाला उत्तर आहे : खांबाला ताण, तारेला भूसंपर्क, वायरिंगची तपासणी. धोक्यावर अट घालायची असते. सरसकट बंदी ही आळशी माणसाची अभियांत्रिकी आहे.

कायद्याची स्थिती तर विनोदी म्हणावी अशी आहे. हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकार देते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेले मूल परीक्षेला बसू शकते; रेडिओशास्त्र आणि नियम या दोन्हींची परीक्षा होते, उत्तीर्ण झाल्यावर व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारे नाव मिळते. हा कारभार संचार भवनातून चालतो, जे कोपर्निकस मार्गापासून फार दूर नाही. वायरलेस हा संघसूचीतील ३१व्या नोंदीचा विषय. सहकारी संस्था राज्यसूचीतील ३२व्या नोंदीत. या दोन नोंदींच्या फटीत तो बारा वर्षांचा परवानाधारक सापडतो. प्रजासत्ताक त्याला सांगते, जगाशी बोल. गृहसंस्था सांगते, पण तार कुठेही लावू नकोस. तारेविना परवाना म्हणजे नांगरायला जमीन नसलेल्याला दिलेली बैलजोडी.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो, आणि तो अनुकरणासाठी नाही, सावध होण्यासाठी. तिथल्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये स्थानिक प्रशासनांना हॅम अँटेनांची वाजवी सोय करण्यास बांधले. १९९६ मध्ये छोट्या उपग्रह थाळ्यांना आणि टीव्ही अँटेनांना खासगी वसाहतींच्या नियमांपासूनही संरक्षण मिळाले. पण खासगी वसाहतीतला हॅम त्यातून सुटला तो सुटलाच. त्याच्यासाठीचे विधेयक प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडकले. ग्राहकाला हक्क मिळाला, प्रयोगकर्त्याला मिळाला नाही. भारतात ज्या वेगाने वस्ती मनोऱ्यांत सरकते आहे, तो वेग पाहता हीच चूक इथे अधिक महाग पडेल. अमेरिकन हॅमला निदान परसदार तरी आहे. इलिनॉयमधील ग्रोट रीबर या हॅमने १९३७ मध्ये घराच्या परसात साडेनऊ मीटरची थाळी स्वतः बांधली आणि आकाशगंगेचा पहिला रेडिओ नकाशा काढला. जगातील पहिली थाळीच्या आकाराची रेडिओ दुर्बीण एका घराच्या अंगणात उभी होती. द्वारकेच्या नवव्या मजल्यावरच्या रीबरने काय करावे?

घरात दडवलेल्या तारेचा इतिहास मुंबईनेही पाहिला आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचा प्रक्षेपक नरिमन प्रिंटर या हॅमने बांधला होता. चौपाटीजवळच्या सदनिकेपासून सुरुवात करून ते केंद्र जागा बदलत राहिले आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांच्या हाती लागले. त्या केंद्राची उद्घोषित तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. भागाकार केला तर वारंवारता येते ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आज भारतीय हॅम ज्या पट्ट्यात रोज सकाळी एकमेकांची चौकशी करतात तोच पट्टा. तेव्हा लपण्याचे कारण परकी सत्ता होती. आज कोणतेही कारण नसताना परवानाधारक हॅम कबुतराच्या जाळीआड, पडद्याच्या दांडीत, कुंडीच्या काठीत तार दडवतात, आणि त्या युक्त्यांचे कौतुकही करतात. कौतुक करण्याजोगे त्यात चातुर्य आहे, यात शंका नाही. पण लपवण्याची सवय लागलेला समूह हक्क मागत नाही, आणि या बाबतीत दोषाचा एक वाटा हॅम मंडळींच्याच पदरात पडतो.

२६ डिसेंबर २००४ला सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. तिथल्या हॉटेलात त्यांनी केंद्र थाटले होते. दूरध्वनी बंद पडले, तेव्हा मुख्य भूमीशी संपर्क राखण्याचे आणि माणसांची खुशाली कळवण्याचे काम त्याच केंद्राने केले. अशा वेळी सर्वांना हॅम आठवतो, प्रशस्तिपत्रे दिली जातात. आपत्तीच्या दिवशी तार ताणता यावी म्हणून आदल्या हजार दिवशी ती ताणून पाहावी लागते, हे प्रशस्तिपत्रात लिहिलेले नसते.

विद्यार्थ्यांच्या उपग्रहांचेही तसेच. पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी, तर आयआयटी मुंबईचा 'प्रथम' २६ सप्टेंबर २०१६ रोजी कक्षेत गेला. दोन्ही हौशी पट्ट्यांत बोलणारे. 'प्रथम'चा हेतू आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजदाद करण्याचा होता आणि असे मोजमाप जितक्या अधिक ठिकाणांहून होईल तितके मोलाचे. ५ मे २००५ रोजी इस्रोने सोडलेला 'हॅमसॅट' नऊ वर्षे जगभरच्या हौशींनी वापरला. देश असे उपग्रह वर पाठवतो ते जमिनीवर ऐकणारे कान आहेत या भरवशावर. ते कान महाविद्यालयाच्या कुलूपबंद प्रयोगशाळेत वर्षातून दोनदा उघडायचे असतील तर उपग्रहाचा खर्च कशासाठी? २१ सेंटिमीटरची हायड्रोजन रेषा पुठ्ठ्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाच्या भोंग्याने घरून टिपता येते. हे करणारी विद्यार्थिनी आकाशगंगेच्या भुजांची गती स्वतः मोजत असते, आणि त्यासाठी तिला सेक्रेटरींच्या सहीची वाट पाहावी लागते.

मागणी मोठी नाही. दूरसंचार विभागाने हौशी परवान्यासोबत अँटेनाविषयी स्पष्ट मार्गदर्शिका काढावी आणि राज्यांच्या सहकार खात्यांनी ती आदर्श उपविधींत घ्यावी. तिच्यात इतके असावे : केवळ ग्रहणाच्या आणि स्वतःच्या सज्जाबाहेर एक मीटरहून पुढे न येणाऱ्या अँटेनाला परवानगीची गरज नाही, कळवणे पुरे. सज्जातून प्रक्षेपण करणाऱ्याने परवान्याची प्रत आणि दहा वॅटची मर्यादा मान्य असल्याचे पत्र द्यावे. गच्चीवरील खांबासाठी ताण, भूसंपर्क आणि संभाव्य नुकसानीची जबाबदारी यांची लेखी हमी घ्यावी; ती मिळाल्यावर तीस दिवसांत उत्तर द्यावे, नकार दिला तर कारण लिहावे, आणि त्या कारणात 'रेडिएशन' हा शब्द असेल तर शेजारी वॅट आणि मीटर यांचा आकडाही असावा.